न दिसणारा थर : तपासणी-किटांवरील खर्चाविषयी थोडेसे

रुग्णालयाचा जमाखर्च सादर करताना एका शीर्षाविषयी आम्हांस दरवर्षी हमखास विचारणा होते : 'तपासणी-किट व अभिकर्मके'. दात्यांनी दिलेले यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर त्यांच्या नावाची पाटी लागते; किट मात्र एकदा वापरले की कचऱ्यात जाते. मग त्यावर एवढा खर्च का? प्रश्न रास्त आहे. वाणिज्य शाखेतून आलेल्या आम्हांलाही तो पडला होता. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांकडून जे समजले, ते येथे नम्रपणे मांडत आहोत.

रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, 'बी' व 'सी' प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. यांतील बऱ्याच तपासण्या 'एलायझा' पद्धतीने होतात. 1971 साली स्वीडनमध्ये एंगवाल व पर्लमन यांनी आणि त्याच सुमारास हॉलंडमध्ये दुसऱ्या एका गटाने ही पद्धत मांडली. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये 96 खळगे असतात. दिसावयास ते रिकामे. परंतु 'बी' काविळीच्या किटमध्ये प्रत्येक खळग्याच्या तळाशी प्रतिपिंडांचा थर चिकटवलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकी! रक्तद्रवात विषाणूचा अंश असल्यास ही प्रतिपिंडे त्यास धरून ठेवतात. बाकी सर्व धुतले जाते आणि धरलेल्या अंशावर रंग उमटतो. किटच्या किमतीतील मोठा वाटा प्लॅस्टिकचा नसून या थराचा असतो.

हा थर बसवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत प्रथिन प्लॅस्टिकला आपोआप चिकटू दिले जाते व उरलेली मोकळी जागा दुधातील केसीनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून काढतात. नाहीतर नको ते घटक तेथे चिकटून खोटा रंग येईल. ही रीत सोपी व स्वस्त. परंतु प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो आणि त्याचे हात वर राहिले तरच ते काही धरू शकते. हातांवरच पालथे पडलेले प्रतिपिंड निरुपयोगी ठरते. दुसऱ्या रीतीत रासायनिक बंधाने प्रथिन पक्के बांधतात. शस्त्रक्रियागृहात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड येथेही उपयोगी पडते. त्याच्या रेणूची दोन्ही टोके पकड घेणारी असल्याने एका टोकाने पृष्ठभाग व दुसऱ्याने प्रथिन धरता येते. पेनिसिलिनपासून अॅम्पिसिलिनसारखी औषधे बनवण्यासाठी लागणारे पेनिसिलिन अॅसायलेज हे विकर असेच मण्यांवर बांधून पुनःपुन्हा वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या विकरावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

बांधणी कशीही असो, प्रथिन हे नाजूकच. उष्णतेने त्याची घडी मोडली की थर जागेवर असूनही काम करीत नाही. म्हणूनच एलायझा किट 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. आणि नांदेड-लातूरचा मे महिना चाळिशी ओलांडणारा!

एका उन्हाळ्यात नांदेडहून आमच्या लातूरच्या निदान केंद्राकडे पाठवलेली पेटी दुपारभर व्हरांड्यातच राहिली. दोष आमचाच होता. दुसऱ्या दिवशी किटसोबतच्या नियंत्रण नमुन्यांनी अपेक्षित रंग दाखवला नाही. तंत्रज्ञांनी ती संपूर्ण तपासणी रद्द करून किट बाद केले. अहवाल एक दिवस उशिरा मिळाला. शस्त्रक्रियेसाठी ताटकळलेल्या नातेवाईकांचा रोष आम्ही ऐकून घेतला. तो खर्च हिशेबात तोटा म्हणून दिसतो. आमच्या मते मात्र तो सत्याचा खर्च आहे. मेलेल्या थरावर रंग उमटत नाही आणि आजार असूनही अहवाल 'नाही' असे सांगू शकतो. दूषित रक्ताची पिशवी निर्दोष ठरली, तर त्याची भरपाई कोणत्या वहीत लिहावयाची? तेव्हापासून पेटी पोहोचताच तापमानाची नोंद करून मगच पावतीवर सही होते.

रुग्णांच्या कुटुंबीयांनीही एक लक्षात ठेवावे. घरच्या साखर-तपासणीच्या पट्टीवर विकराचा असाच वाळवलेला थर असतो व त्याचा मोठा शत्रू म्हणजे ओल. डबीचे झाकण त्वरित लावावे, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढू नयेत, फ्रीजमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, मुदत संपलेल्या वापरू नयेत. झटपट तपासणीच्या कार्डावर नियंत्रण-रेषा उमटली नाही, तर ते कार्ड बाद समजावे.

शीतकपाट, अखंड वीज आणि बर्फाच्या पेट्या यांवर नावाची पाटी ठळकपणे लावता येत नाही. तरीही या कामी ज्यांनी हात दिला, त्यांचे दान प्रत्येक खऱ्या अहवालात आहे, अशी आमची श्रद्धा आहे.