अडीच मिलिमीटरची नळी

गवत कापायच्या यंत्रात टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारी नळी जेमतेम वीतभर असते. आतला व्यास दोन-अडीच मिलिमीटर, भिंतीची जाडी मिलिमीटरभर. भाद्रपद-आश्विनात कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू झाली, की बंद पडलेली यंत्रे दुरुस्तीला येऊ लागतात. मालकाने प्लग बदललेला असतो, कार्ब्युरेटर खोलून धुतलेला असतो. नळीकडे त्याने पाहिलेलेही नसते. गेली काही वर्षे मी अशा काढून टाकलेल्या नळ्या जमवतो, कापून-वाकवून पाहतो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापण्याची कल्पना १९७१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांना सुचली. मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून तो फिरवून पाहिला. त्याला पुढे जे इंजिन जोडले गेले ते मात्र बरेच जुने. क्रँककेसचाच पंप म्हणून उपयोग करणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९१ साली घेतले होते. या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरला वीस मिलिलिटर किंवा काही इंजिनांत चाळीस. पिस्टनला तेल मिळते ते पेट्रोलबरोबर आलेले तेवढेच. पेट्रोल कमी आले तर तेलही कमी आले.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. स्कूटरच्या कार्ब्युरेटरात तरंगता फ्लोट असतो. हातात धरून आडवे-तिडवे करायच्या यंत्रात तो चालणार नाही. म्हणून इथे पातळ पडदा असतो. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधला दाब बदलतो, त्या ठोक्यांवर पडदा हलतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. म्हणजे नळीतून पेट्रोल वाहत नाही, ते शोषले जाते. नळीला बारीक भेग पडली, तर चालू यंत्रात पेट्रोल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. मालकाला काहीच दिसत नाही. उलट इंजिनाचा आवाज चढतो, ते जास्त जोरात पळते, आणि ‘आज मशीन छान चालतेय’ असे वाटते. पेट्रोल कमी, हवा जास्त, त्यामुळे उष्णता जास्त आणि तेल कमी. थोड्या वेळाने पिस्टन सिलिंडरला घासतो व जाम होतो. रोजावर बेणणी करणाऱ्याचा हंगाम महिना-दीड महिन्याचा. त्यात हे झाले, तर वीतभर नळीपायी कमाईच गेली.

आता नळी कडक का होते? नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून इंधनासाठी नायट्राइल रबर वापरतात. काही यंत्रांत पिवळट पारदर्शक प्लास्टिकची नळी असते. लवचीकपणासाठी त्यांत मऊ करणारी तेलकट द्रव्ये घातलेली असतात. पेट्रोल ती हळूहळू विरघळवून नेते. नळी ओली आहे तोवर पेट्रोलच तिची जागा भरून काढते, म्हणून कडकपणा जाणवत नाही. यंत्र आठ महिने पडवीत टांगले, पेट्रोल उडून गेले, की नळी आक्रसते आणि बांगडीसारखी होते. माझ्याजवळच्या पुष्कळ नळ्या टाकीतल्या टोकाला चिकट-मऊ आहेत आणि सायलेन्सरजवळच्या टोकाला ठिसूळ. सलाईनची नळी जोडलेली यंत्रेही मी पाहिली आहेत. ती साध्या पीव्हीसीची असते, मऊ करणारे द्रव्य तिच्यात भरपूर. महिन्याभरात ती काडीसारखी मोडते.

हल्ली सगळा दोष इथेनॉलवर जातो. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ साली ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर गेले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. परदेशी यंत्रांच्या पुस्तिकांत मात्र बहुधा १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते. नळ्या इथेनॉलच्या आधीही कडक होत होत्या, तेव्हा सगळे खापर त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. त्याचा खरा त्रास दुसरीकडे आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच इंधनाला मिश्रण पातळ पडते. भेगेतून आलेली हवाही तेच करते. दोन्हींची बेरीज होते. शिवाय कॅनमधून पाणी शिरले आणि मर्यादेबाहेर गेले, तर इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसते. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. नळीच्या टोकाचा फिल्टर तळालाच लोळत असतो. तो नेमका तेलाविनाचा थर ओढतो.

नळी बदलणे अवघड नाही, किचकट आहे. इंजिन थंड, टाकी रिकामी, काम उघड्यावर. जुनी नळी काढण्याआधी फोनवर फोटो घ्यावा, कारण नळ्या दोन-तीन असतात: ओढणारी, पंप-बल्बकडून टाकीत परतणारी आणि कुठे हवेची. नवी नळी टाकीच्या भोकापेक्षा किंचित जाड हवी. घट्ट बसणे हाच तिचा सील. टोक लांब तिरके कापावे, टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब लावावा, भोकातून आत सारावे आणि टाकीच्या तोंडातून बारीक पकडीने ओढून बाहेर काढावे. फिल्टर बसवून मग मागे घ्यावे. लांबी अशी, की यंत्र कसेही कलले तरी फिल्टर तळाला पोहोचेल, पण नळीला मुरड पडणार नाही. लाल-हिरव्या सजावटी नळ्यांना भुलू नये. इंधनासाठीची नायट्राइल किंवा फ्लोरोरबरची मागावी.

मग बल्ब दाबत राहावे. बल्ब पेट्रोलने भरला आणि परतीच्या नळीतून बुडबुडे येणे थांबले, तर काम जमले. बुडबुडे येतच राहिले तर कुठेतरी हवा शिरते आहे. बल्ब चपटाच राहिला तर नळी पिळली आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. यंत्र दहा मिनिटे चालून मरत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच ‘फुस्’ असा आवाज येऊन पुन्हा सुरू होत असेल, तर नळी निर्दोष आहे; हवेचे भोक साफ करावे.

परतीची नळी पुष्कळजण जुनीच ठेवतात, ‘तिच्यात काय बिघडायचे’ म्हणून. बल्ब दाबताना दाबाखाली येते ती हीच. ती फुटली तर पेट्रोल खरोखर बाहेर येते, आणि तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावरही नसतो. दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात.