शेवटच्या अर्ध्या थेंबाचा हिशेब

रोह्याहून कोलाडकडे निघालं की धाटावची औद्योगिक वसाहत लागते. रंगद्रव्यं बनवणारी सुदर्शन केमिकल, एक्सेल इंडस्ट्रीज, दीपक नायट्राइट यांचे कारखाने याच रोहा पट्ट्यातले, आणि जवळून वाहते कुंडलिका. अशा वसाहतीच्या परिसरात अकरावी-बारावीच्या टायट्रेशनला परीक्षेच्या गुणांपलीकडेही मोल आहे. रासायनिक कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात पाळी कोणतीही असो, आम्ल मोजावंच लागतं. मोठ्या प्रयोगशाळांत आता स्वयंचलित टायट्रेटर आले; तत्त्व मात्र ब्युरेटचंच.

पिपेटने १० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल शंकुपात्रात घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि पात्र फिरवत वरून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडायचा. आधी गुलाबी छटा उमटते नि लगेच विरते. ती रेंगाळू लागली की हात आवरायचा. तोटीला लोंबणारा अर्धा थेंबही आता मोलाचा. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, गडद झाला तर रीडिंग वाया. ९.८ मिलिलिटर लागले तर आम्ल ०.०९८ नॉर्मल, म्हणजे लिटरमागे सुमारे ३.५८ ग्रॅम.

हा हिशेब कॉस्टिकच्या भरवशावर, आणि कॉस्टिक तर हवेतला ओलावा नि कार्बन डायऑक्साइड शोषत बसतं. म्हणून आधी त्याचीच परीक्षा, लिटरला ६.३ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल तोलून केलेल्या द्रावणाशी. विद्यार्थी ही पायरी उरकून टाकतात; खरी अचूकता इथेच ठरते. जर्मनीच्या कार्ल फ्रीडरिश मोहर यांनी १८५५ मध्ये अशा मोजमापांवर अख्खा ग्रंथ लिहिला.

क्षार ओळखताना आकड्याऐवजी साका आणि रंग बोलतात. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा साका आला आणि अमोनियात विरघळला, तर क्लोराइड. बेरियम क्लोराइडचा पांढरा साका हायड्रोक्लोरिक आम्लातही तसाच राहिला, तर सल्फेट. नायट्रेटसाठी नमुन्यात ताजं फेरस सल्फेट मिसळून नळीच्या कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडतात. दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं.

ॲझो रंगद्रव्यं बनवतानाही अशीच खूण पाहतात: सोडियम नायट्राइट पुरेसं झालं की स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा पडतो.

सांडपाण्याचं गणित अधिक नाजूक. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ असावा, हे पर्यावरण नियमांचं सर्वसाधारण मानक. पण आम्लधर्मी पाण्यात चुना किती घालायचा, हे नुसत्या सामूवरून कळत नाही. दोन टाक्यांचा सामू सारखाच असला तरी एकीत क्षीण आम्लं असतील, तर तिला कितीतरी जास्त चुना लागतो. म्हणून नमुना शंकुपात्रात घेऊन टायट्रेशनच करावं लागतं.