मगर खरंच रडते का?

दोस्तांनो, धाकट्याचा खाऊ फस्त करून वर त्यालाच 'अरेरे!' म्हणणारा काय ढाळतो? नक्राश्रू! नक्र म्हणजे मगर. इंग्रजीत हेच 'क्रोकोडाइल टिअर्स'. १४व्या शतकात सर जॉन मँडेव्हिलच्या नावावर एक प्रवासवर्णन गाजलं. मगरी माणसाला खाता खाता रडतात, असं त्यात होतं. मग ही निव्वळ थाप? फ्लॉरिडा विद्यापीठाच्या केंट व्लिट यांनी मगरीचे जातभाई, म्हणजे अ‍ॅलिगेटर आणि केमन, असे ७ प्राणी कोरड्या जागी जेवताना पाहिले. ५ जणांचे डोळे चक्क पाणावले! २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण ते दुःख नव्हे. खाताना जोरात फुसकारल्यामुळे पाणी येत असावं, असा अंदाज आहे. म्हणजे बघा, ढोंग माणसाचं आणि बदनाम बिचारी मगर!