‘पीएच.डी. झाली’ म्हणजे नेमकं काय झालं? केमिस्ट्रीच्या सेमिनार हॉलमधून समजून घ्या

गावच्या चौकात फ्लेक्स लागतो, ‘रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ व्हॉट्सॲपवर स्टेटस पडतात. पण ही पोरं पाच-सहा वर्षं नेमकं करत काय होती, हे बऱ्याचदा घरच्यांनाही सांगता येत नाही.

शिरूर तालुक्यात भीमाकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावातून बीएस्सी करणाऱ्यांना हा रस्ता आणखी धूसर वाटतो. शिरूर-दौंडमधली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, पण विद्यापीठाचा केमिस्ट्री विभाग आहे पुण्यात, गणेशखिंडीत. आत काय चालतं हे कळायचा एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे सेमिनार.

गेस्ट सेमिनार म्हणजे काय?

दुसऱ्या संस्थेतला संशोधक विभागात येतो आणि साधारण तासभर स्वतःच्या कामाबद्दल बोलतो. शेवटी प्रश्न. पुण्याचा फायदा असा की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून आहे आणि तिच्या शेजारीच आयसर आहे. म्हणजे पाहुणा शोधायला लांब जावं लागत नाही.

हे भाषण क्लासमधल्या लेक्चरसारखं नसतं. पुस्तकात पोचायला ज्याला अजून काही वर्षं लागतील, ते इथे आधी ऐकायला मिळतं. पुढच्या नोकरीची, पोस्ट-डॉकची ओळखही अनेकदा इथेच होते.

पीएच.डी.चे टप्पे कोणते?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ढोबळ रस्ता असा:

१. प्रवेश: एमएस्सीला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत). मग नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आणि मुलाखत.

२. कोर्सवर्क: किमान १२ क्रेडिट. यात संशोधन कसं करायचं आणि संशोधनातली नैतिकता हेही शिकावं लागतं.

३. दर सेमिस्टरला हिशेब: संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. काम समाधानकारक नसेल तर समिती सुधारणा सुचवते. तरीही फरक पडला नाही, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही होऊ शकते.

४. प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण: सगळं काम समितीपुढे मांडायचं. विभागातले शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थीही इथे बसू शकतात.

५. तपासणी: गाइडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध वाचतात.

६. व्हायवा: परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. तीही विद्यार्थ्यांसाठी खुली असते.

मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं मिळू शकतात, महिलांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. पीएच.डी.च्या काळात महिलांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते.

इतकी वर्षं का लागतात?

एक हिशेब करू. नवा रेणू बनवायला सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला ७० टक्के माल हाती लागतो. सहाव्या पायरीनंतर उरतो साधारण १२ टक्के. तो शुद्ध आहे का, हवा तोच आहे का, हे एनएमआरसारख्या यंत्रावर तपासायचं. नसेल तर परत पहिली पायरी!

यात खरी अडचण पैशाची. जेआरएफ मिळालेल्यांना २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात (घरभाडं भत्ता वेगळा). पण ही फेलोशिप एकूण ५ वर्षांची, आणि पीएच.डी.ची मुदत ६ वर्षांची. शेवटचं वर्ष काढायचं कसं, हा प्रश्न शेतकरी घरातल्या मुलांना जास्त टोचतो. म्हणून दर सेमिस्टरचा हिशेब नुसती औपचारिकता नाही. काम अडकलंय हे वेळेत कळलं, तरच दिशा बदलता येते.

जाड प्रबंध म्हणजे भारी प्रबंध?

अजिबात नाही. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेल्या कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या मागे हटल्या नाहीत आणि अटींवर प्रवेश मिळवला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. घेतली. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सीवरचा त्यांचा प्रबंध सुमारे ४० पानांचा होता. प्रबंधात पानांपेक्षा नवं काय सापडलं, याला महत्त्व असतं.

तुम्ही जाऊ शकता का?

बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी असाल तर नक्की प्रयत्न करा. सेमिनारची सूचना विभागाच्या नोटीस बोर्डावर किंवा वेबसाइटवर लागते. बाहेरून येणार असाल तर आधी विभागाला किंवा आपल्या सरांना-मॅडमना विचारा. जाण्याआधी विषयाचा सारांश वाचा.

पहिल्यांदा निम्मंअधिक डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. ‘हा प्रयोग फसला तेव्हा तुम्ही काय केलं?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी चालेल. बहुतेक संशोधकांकडे त्याचं उत्तर असतंच, कारण त्यांची बरीच वर्षं त्यातच गेलेली असतात. शिवाय पीएच.डी. आपल्याला झेपेल की नाही, याचा अंदाज नोंदणी करण्याआधीच येईल.