गोल्फच्या ड्रायव्हरचा शाफ्ट निवडताना कंबरेलाही विचारा

"डॉक्टर, नवीन ड्रायव्हर घेतल्यापासून कंबर धरते." अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीचे असतात. कामातून थोडी सवड मिळाल्यावर त्यांनी खेळ वाढवलेला असतो. नीट विचारपूस केली की कळते, शाफ्ट 'स्टिफ' आहे. आणि तो का घेतला, तर बरोबर खेळणाऱ्या मित्राकडे तोच आहे. 'सीनिअर' असे लिहिलेला शाफ्ट बॅगेत ठेवायला पुरुषांना संकोच वाटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. केसांना कलप लावता येतो, पण स्नायूंना नाही.

ड्रायव्हर ही बॅगेतली सर्वांत लांब काठी, आणि तिचे डोके व ग्रिप यांना जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट. चुकीचा शाफ्ट थेट कंबर दुखवत नाही, हे आधीच सांगतो. त्याने होते असे की चेंडू अपेक्षेइतका लांब जात नाही, म्हणून तुम्ही जास्त जोर लावता. ग्रिप घट्ट आवळता, कंबर झटक्याने फिरवता आणि शॉट संपताना मागे वाकता. स्विंगमध्ये कमरेचे मणके एकाच वेळी पिळले जातात, बाजूला वाकतात आणि दाबलेही जातात. हौशी गोल्फपटूंमध्ये कंबरदुखी ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे, त्यामागे हेच कारण आहे.

फ्लेक्सचे अक्षर आणि तुमचा वेग

स्विंग सुरू होताना शाफ्ट मागे वाकतो आणि चेंडूजवळ येताना पुढे झेपावतो. तो किती वाकतो याला फ्लेक्स म्हणतात. सर्वांत लवचीक एल (लेडीज), मग ए (सीनिअर), आर (रेग्युलर), एस (स्टिफ) आणि सर्वांत कडक एक्स. ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ७५ मैलांखाली असेल तर एल, ७५ ते ८५ असेल तर ए, ८५ ते ९५ असेल तर आर, ९५ ते १०५ असेल तर एस आणि त्यापुढे एक्स. मात्र या अक्षरांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक असू शकतो. म्हणून अक्षर वाचून नव्हे, चेंडू मारून ठरवा.

शाफ्ट फार कडक असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू साधारणपणे कमी उंचीवरून उजवीकडे जातो आणि फटका हातात निर्जीव लागतो. फार लवचीक असेल तर चेंडू डावीकडे वळतो किंवा दिशा सारखी बदलते.

वेग मोजायला लाँच मॉनिटर लागतो. दुकानात किंवा सरावाच्या मैदानावर तो असला तर आधी दहा मिनिटे अंग मोकळे करा आणि मग दहा-बारा चेंडू नेहमीच्या जोराने मारा. सरासरी पाहा, सर्वांत चांगला आकडा नको. तो आकडा तुम्ही मित्रांना सांगाल, पण शाफ्ट त्याच्यासाठी घेऊ नका. शेवटच्या चार चेंडूंचा वेग पहिल्या चारांपेक्षा बराच घसरला असेल, तर वजनाचाही विचार करायला हवा.

वजन आणि लांबी

माझ्या मते फ्लेक्सपेक्षा वजनाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, आणि नेमके त्याबद्दलच कोणी विचारत नाही. ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ४० ते ८० ग्रॅमचे असतात. स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. ड्रायव्हरमध्ये तो आता क्वचितच दिसतो. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण हळूहळू कमी होते, साठीनंतर ही घट वेग घेते. चाळिशीत सहज पेललेला ७० ग्रॅमचा शाफ्ट साठीत चौदाव्या होलला जड होतो. पण अगदी हलका घेतला तर काहींचा ताल बिघडतो आणि हात घाई करतात. त्यामुळे एकदम खाली न जाता दहा-दहा ग्रॅमने उतरून पाहा.

लांबीबाबत, दुकानातले बहुतेक ड्रायव्हर ४५ ते ४६ इंचांचे असतात. नियमांनुसार कमाल मर्यादा ४८ इंच आहे, पण लांब काठीने चेंडू डोक्याच्या मधोमध लागणे अवघड जाते. खर्च करण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करा: ग्रिप एक इंच खाली धरून मारा. फटका अधिक नेमका बसला, तर लांबी कमी करण्याबद्दल फिटरशी बोला. शाफ्ट कापला की त्याची जाणीव आणि तोलही बदलतो, म्हणून घरी करवत घेऊ नका.

टॉर्क, म्हणजे शाफ्ट स्वतःभोवती किती पिळला जातो, हा मुद्दा हौशी खेळाडूने फिटरवर सोडावा.

कोपर दुखत असेल तर?

कोपराच्या आतल्या बाजूला दुखणे म्हणजे 'गोल्फर्स एल्बो', बाहेरच्या बाजूला म्हणजे 'टेनिस एल्बो'. गोल्फपटूंना दोन्ही होतात. यात ड्रायव्हरचा दोष बहुधा कमी असतो, कारण त्याचा चेंडू टीवर ठेवलेला असतो. आयर्न जमिनीवर किंवा सरावाच्या कडक मॅटवर आपटतात, तो हादरा कोपराला बसतो. ड्रायव्हरमध्ये आधी ग्रिप पाहा. ती बारीक किंवा गुळगुळीत झालेली असेल तर हात नकळत आवळला जातो. ग्रिप बदलणे शाफ्टपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आणखी एक. पूर्ण फेरीत ड्रायव्हर साधारण १४ वेळाच वापरला जातो. नवीन शाफ्ट आणला की त्याच संध्याकाळी शंभर चेंडू मारले जातात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फोन येतो. पहिले दोन आठवडे एका वेळी २०-२५ चेंडू पुरेत, तेही आधी छोट्या काठ्यांनी अंग तापवून. दुखापतीनंतर परतताना पटिंग, मग चिपिंग, मग आयर्न असा क्रम ठेवा. ड्रायव्हर सर्वांत शेवटी.

कंबरेतून पायात कळ जात असेल, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर शाफ्टची खरेदी थांबवून आधी तपासणी करा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि खेळताना छाती भरून येऊन डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घाम फुटला, तर ते स्विंगमुळे झाले असे समजू नका. खेळ तिथेच थांबवा आणि १०८ वर फोन करा.