पाय गेला, हुन्नर शाबूत आहे

दुकानात आणि कारखान्यात अपंग बंधूंना त्यांची जागा परत मिळावी

यंत्रमागावर, सुतारकामाच्या यंत्रावर, रस्त्यावरील अपघातात किंवा मधुमेहाची जखम चिघळून हात वा पाय गमावलेले बंधू आपल्या वस्त्यांत सर्वत्र आढळतात. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचे काय होते, हे बाजारपेठेत वावरताना आम्ही नेहमी पाहतो. दुकानाचा गल्ला धाकट्या भावाकडे जातो. हत्यारांची पेटी माळ्यावर चढते. रमजानमध्ये जकातीच्या यादीत नाव लागते आणि आपले कर्तव्य पार पडले, असे आपण सर्व समजतो. काल ज्याच्या हाताखाली दोन पोरे काम शिकत होती, तो आज ओट्यावर बसून दिवस मोजतो. हे रिकामपण माणसाला आतून खचवते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की अशा माणसाला रोजच्या मदतीबरोबर, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या कामाची गरज असते.

दीनची शिकवण

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फजरची अजान देण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली होती. मदीनेबाहेर जाताना आपण (स.) अनेकदा त्यांनाच आपल्या मागे नेमून जात. ज्याला दिसत नाही त्याने घरात बसावे, असा विचार तेथे नव्हता.

सुनन अबू दाऊदमधील एक हदीसही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातील चादर व पेला मागवून आपण (स.) यांनी त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे धान्य घरी पाठविले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसविला आणि त्या माणसाला लाकडे तोडायला पाठविले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परतला. तो माणूस अपंग नव्हता, पण हातात अवजार देण्याची ही रीत अपंगालाही तितकीच लागू पडते. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

कारागिराने घडविलेला पाय

आपले बहुतेक कारागीर जमिनीवर मांडी घालून काम करतात. पाय गेल्यावर बैठक मोडली, वुजू आणि नमाज अवघड झाली, हीच पहिली चिंता असते. जुने परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय ताठ असत व बुटात घालण्यासाठी बनविलेले असत. त्यांनी उकिडवे बसणे जमत नसे.

ही अडचण १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात सुटली. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर हे काम करणारे रामचंद्र शर्मा हे डॉक्टर नव्हते, हस्तकलेचे कसबी कारागीर होते. टायर रिमोल्डिंग करणाऱ्याच्या भट्टीत रबर पक्के करून हा पाय तयार झाला. तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि पाण्याचीही भीती नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवून देते. कारागिरीने माणसाला पुन्हा पायावर उभे केल्याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुकानात काय बदलावे?

खर्च फार नसतो. पायाने चालवायच्या शिलाई मशीनला मोटर बसवून तिचा खटका गुडघ्याने वा कोपराने दाबता येईल असा लावता येतो. एक हात गेलेल्या सुताराला किंवा चर्मकाम करणाऱ्याला बाकावर पक्का बसविलेला वाइस दुसऱ्या हाताचे काम देतो. दुकानाला पायरी असेल तर उतार करावा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे त्याचे माप, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. रोज खपणारा माल बसल्या जागी हाताशी येईल असा मांडावा. डोळ्यांनी अधू असलेल्या दुकानदाराला मोबाइलवर आलेली रक्कम बोलून सांगणारा साउंडबॉक्स आता उपयोगी पडतो.

जुना धंदा जमत नसेल तर बदलावा. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले, तेव्हा ते पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हक्क आणि भांडवल

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी ओळखपत्र काढून ठेवावे. बहुतेक योजनांची वाट तेथूनच जाते. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण या कायद्याने दिले आहे. आपल्या राज्यात नगरपालिका व ग्रामपंचायतींनाही उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी राखावी लागते. तेथे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

धंद्यासाठी १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय महामंडळाचे कर्ज आहे, पण त्यावर व्याज असते. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी जमातीच्या बैतुलमालने किंवा बिनव्याजी पतपेढीने पुढे यावे. पात्र गरजूला जकातीतून मशीन वा अवजार मालकीचे करून देण्याबाबत स्थानिक उलमांचा सल्ला घ्यावा.

कारखानदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे आणि ती १९२३ पासून आहे. परंतु भरपाई देऊन संबंध संपवू नये. त्याला जमेल ते काम पाहावे. माल तपासणे, हिशोब ठेवणे आणि नव्या पोरांना शिकविणे या कामांत जुन्या कारागिराची नजरच मोलाची असते.

अपंग बंधूंनाही आमची विनंती आहे. सुरुवातीचे महिने दुःखाचे असतात, ते नाकारू नका. पण सकाळी तयार होऊन ठरल्या वेळी दुकानात जाऊन बसा, मग भले तासभरच का होईना. गिऱ्हाईक भाव विचारेल, उत्तर तुम्ही द्या. आणि घरच्यांनी आज माळ्यावरची पेटी खाली काढावी, हत्यारांना तेल द्यावे आणि ती ज्याची आहेत त्याच्या पुढ्यात ठेवावीत.