डोके जिथे मानेला भेटते

मुलांनो, मान हलवून एकदा ‘हो’ म्हणा. आता ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हणताना तुमची कवटी पहिल्या मणक्यावर पुढेमागे झुकली. ‘नाही’ म्हणताना मात्र पहिला मणका कवटीसकट दुसऱ्या मणक्यावर फिरला. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळण या एकाच जागी होते.

पहिल्या मणक्याला ‘ॲटलास’ म्हणतात. ग्रीक पुराणात आकाश पेलून धरणाऱ्याचे हे नाव! हा मणका म्हणजे नुसते कडे. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक सुळका वर येतो व या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते ना, तसाच हा प्रकार. एक मजबूत आडवा अस्थिबंध सुळक्याला मागून आवळून धरतो, आणि त्याच्या लगेच मागे असतो मज्जारज्जू.

काहींमध्ये जन्मतःच सुळका नीट घडलेला नसतो किंवा बंध सैल असतो. मग कडे पुढे घसरते व सुळका मज्जारज्जूवर दाबतो. कधी तो कवटीच्या तळाच्या भोकातून वरही घुसतो. सुरुवात अगदी साधी वाटते : सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चुकतात, चालताना तोल जातो. पण श्वास चालविणारी केंद्रे येथून जवळच आहेत, हे विसरून चालत नाही.

पूर्वी शल्यवैद्य दोन्ही मणक्यांच्या मागच्या कमानी तारेने बांधीत व मध्ये हाडाचा तुकडा ठेवीत. पण तार कधी ढिली पडे, कधी तुटे. सुळका फार वर गेला असेल, तर तोंडातून जाऊन, घशाची मागची भिंत उघडून तो काढावा लागे.

१९९४ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनी वेगळी रीत प्रसिद्ध केली. मणक्यांच्या कडेच्या जाड भागांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवायचे व ते धातूच्या पट्टीने जोडायचे. सांगायला सोपे! मेंदूला रक्त नेणारी धमनी तेथूनच वळसा घेत जाते, शिवाय शिरांचे दाट जाळे. स्क्रूची दिशा थोडीही चुकून भागत नाही. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरली; आज ही रीत दोघांच्या नावाने ओळखतात. पुढे गोयल यांनी सांध्याच्या फटीत धातूचे तुकडे बसवून मणके एकमेकांपासून दूर केले. त्यामुळे वर घुसलेला सुळका खाली उतरतो आणि अनेकांच्या बाबतीत तोंडातून जाण्याची गरजच उरत नाही.

याची किंमत मात्र असते. दोन मणके हाडाने जुळून एक झाले, की तेथले वळण कायमचे जाते. अशा मुलाला मागून हाक मारलीत, तर ते खांद्यांसकट वळून तुमच्याकडे पाहील.